बारागाड्या आणि पत्र्यावरचा आकडा

आमच्या ह्यांना सगळं सहन होई, माझ्या भावाचं हसणं तेवढं होत नसे. मेहुण्यामेहुण्यांची थट्टा कुठल्या घरात नसते? पण माझा भाऊ म्हसावदचा, जिभेला हाड नाही, आणि साठ सालानंतर त्याच्या हाती असं कोलीत सापडलं की विचारू नका.

आमच्याकडे लढाईच्या वेळची एक जुनी जीप होती. तिच्यामागे ट्रेलर जोडून कापूस जिनिंगला जायचा, केळी स्टेशनवर जायची. ती ह्यांनी माझ्या भावाला विकली आणि धुळ्याहून मागे उघडा हौदा असलेली नवी कोरी गाडी आणली. दोन्ही गाड्यांत ड्रायव्हरसमोर एक पत्रा ठोकलेला होता. मागे जास्तीत जास्त किती वजन ओढायचं, ते त्यावर लिहिलेलं. भावाने दोन्ही पत्रे वाचले. नव्या गाडीचा आकडा जुनीपेक्षा कमी!

“दाजी, पैसा जास्त दिना नि ताकद कमी लई उनात?” तो भर ओट्यावर म्हणाला. जास्त पैसे मोजून कमी ताकद घेऊन आले, हे ऐकून बसलेली माणसं खो खो हसली. मीही तोंडाला पदर लावून हसले. सासरी राहून माहेरची बाजू घ्यायची संधी कोण सोडतं!

हे तणतणत धुळ्याला गेले, मलाही दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून बरोबर नेलं. दुकानदाराला फैलावर घ्यायचा बेत होता. त्याने चहा मागवला आणि समजावून सांगितलं. इंजिन नव्या गाडीचंच जोरदार आहे, फक्त मोजायची रीत बदलली. जुना आकडा सपाट रस्त्यावरचा, गाडी रिकामी आणि आत एकटा ड्रायव्हर धरून काढलेला. नव्यात हौद्यातला माल, बसलेली माणसं, चढउतार सगळं धरलंय. “ओढायला काय, अजून पुष्कळ ओढेल,” तो म्हणाला, “पण उतारावर मागचं वजन गाडीला ढकलतं. ते आवरता आलं पाहिजे. आवरता येईल तेवढंच आता लिहितात.”

मला पटलं. ह्यांनाही पटलं, तोंडावर दिसत होतं. पण घरी येताना म्हणाले, “हे ओट्यावर कोणाला सांगू? हसतीलच.” आणि त्यांनी दुसरंच ठरवलं.

आमच्या गावात खंडेरायाच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बैल नसलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत माणसं खचाखच भरायची आणि उपास धरलेल्या भगताने त्या वेशीपासून देवळापर्यंत ओढायच्या. रस्ता सपाट. गाड्या हलल्या तर देव पावला, अडल्या तर भगताच्या उपासात खोट राहिली, असं गाव मानतं. आमचा भगत हळद फासून उभा राहिला की गाड्या हलायच्याच.

ह्यांनी गावापुढे जाहीर केलं, देवळापर्यंत भगत ओढील, तिथून नदीपर्यंत माझी गाडी. माणूस ओढतो ते गाडी ओढणार नाही? म्हातारे कुरकुरले. भगत नको म्हणत होता. त्याने देवळापर्यंत ओढल्यावर बारागाड्या आमच्या गाडीमागे बांधल्या आणि ह्यांनी त्याला हाताला धरून मानाने पहिल्या गाडीत बसवलं. मला आपल्या शेजारी घेतलं. भावाला दिसावं म्हणून, दुसरं काय.

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. भंडारा उधळला, लोक नाचले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग नदीचा उतार आला. ह्यांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मागून माझ्या भावाचा आवाज आला, “चालू द्या दाजी!” ह्यांनी चालू दिली.

पुढचं क्षणात झालं. मागच्या बारा गाड्या आमच्यावर चालून आल्या. ह्यांनी ब्रेकवर उभं राहून पाय दाबला, चाकं थांबली तरी गाडी घसरतच होती. खाली रेतीत बायकापोरं उभी होती. भगताने पहिल्या गाडीतून उडी टाकली आणि दरवर्षी ओढायला लावतो तसाच पुढून, पण आता गाड्या थोपवायला, खांदा लावला. त्याचं पाहून इतर धावले. गाड्या बाभळींच्या कुंपणात शिरून थांबल्या. भगताचा पाय चाकाखाली होता.

पाय तुटला नाही, पण पुन्हा सरळही झाला नाही. भाऊ त्या दिवसापासून हसला नाही. गावाने मात्र कारण शोधलं होतं, भगताचा उपास मोडला असेल. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा बाजेवर पडून तो ह्यांच्यापुढेच हात जोडू लागला. “भाऊ, माफी करा. मन्हाच उपासमा काही खोट ऱ्हायनी व्हई.”

मला लाजेने धरणीत गडप व्हावंसं वाटलं. ह्यांनी त्याचे हात धरून खाली केले आणि धुळ्याचं सगळं सांगितलं. जुना आकडा, नवा आकडा, उतार, आवरणं. एक शब्द लपवला नाही. सांगताना घाम पुसत होते.

भगताने सगळं नीट ऐकून घेतलं. मग आधी त्यांच्याकडे आणि नंतर माझ्याकडे पाहत त्याने विचारलं, “म्हणजे तुमले माहीत व्हतं?”