मोटारवाल्याची जुनी तार

मारेगावात मी ज्या दुकानात कॉम्प्युटर सांभाळायचे, त्याच्या अर्ध्या जागेत चाचा जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेचे वेढे घालून भरून द्यायचे. कापूस हातचा जाण्याची ती वर्षं होती. नवी मोटार कुणी घेत नव्हतं, त्यामुळे चाचांना काम भरपूर. मी फारशी बोलत नसे. इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून स्क्रीनवरचं वाचणं माझ्याकडे.

त्या दुपारी मी कॉम्प्युटरचं लिनक्स अपग्रेडला लावलं. भिंतीवरच्या भारनियमनाच्या छापील तक्त्याप्रमाणे सहापर्यंत वीज राहणार होती. ती तीनलाच गेली. यूपीएसने दोन मिनिटं तग धरला, मग अपग्रेड अर्धवट असतानाच मशीन बंद पडलं.

"हरभऱ्याचं पाणी सुरू झालं, बेटा," चाचा मोटारीतून डोकं न काढता म्हणाले. "आता लाइन पंपाले जाते. तक्त्याले कायले विचारतं, मले विचारायचं."

वीज परतली तेव्हा कापसाची वेचणी सोडून आलेली एक मुलगी बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळला तिची नर्सिंगची परीक्षा. हॉल तिकीट छापून हवं होतं आणि शेवटची बस पावणेपाचला.

"ताई, निघते ना?"

"निघेल."

प्रिंटर हलेना. त्याचं सॉफ्टवेअर अर्धवट बसलं होतं. पुन्हा बसवायला गेले, तर मशीन म्हणालं, बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादीच वाचता येत नाही. फाइल उघडली. ओळीने नावं, आणि मध्येच निरर्थक चिन्हांचा चिखल. सगळं नव्याने टाकायचं तर रात्र झाली असती.

"काय म्हणते थो?" चाचांनी विचारलं.

"आपल्यात काय काय बसवलंय, ते त्याला आठवत नाही."

"मंग जुनं पाहा ना."

मोटार पाण्यात उतरून चालेपर्यंत चाचा तिची जळकी तार फेकत नसत. वेढे चुकले तर मोजायचे कशावरून? मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधून ते वेटोळं खिळ्याला लटकायचं. मशीनही जुनं ठेवत असेल, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं.

ठेवलं होतं. त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची, पुढे 'ओल्ड' लावलेली फाइल. ती स्वच्छ वाचता येत होती. बिघडलेली मी पुसली नाही, वेगळ्या नावाने बाजूला ठेवली. जुनीची प्रत तिच्या जागी आणली आणि अर्धवट राहिलेलं पुरं करायची आज्ञा दिली. ओळी सरकू लागल्या. घड्याळाकडे मी पाहिलं नाही. ती मुलगी पाहत होती.

"लाइन अजून किती वेळ आहे, चाचा?"

"पाऊण तास. घाबरू नको."

पावणेपाचला दोन मिनिटं असताना प्रिंटर कुरकुरला.

"ताई, फोटो काळा आला."

"नाव नीट आलंय. जा."

तिने कागद ओढणीखाली धरला आणि धावली. स्टँड दुकानातून दिसायचं. बस हलली, थांबली, दार उघडलं.

"थे बिघडलेलं फेक आता," चाचा म्हणाले.

"मशीन आठ दिवस चालू दे आधी," मी म्हटलं.