पंचवीस शब्दांत

कोणी बोलायला तोंड उघडलं की आमच्या शेजारचे काका बोटांवर शब्द मोजायला लागायचे. "चाळीस झाले. पंचविसांत सांगा!" असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल, टिटवाळ्यात आमच्या वाट्याला हे आले होते.

काका हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवलेले. गच्चीवर त्यांची लांब तारेची अँटेना होती आणि तिच्यावर निम्म्या इमारतीचे गाऊन वाळायचे. संकटात फोन बंद पडतात, तेव्हा रेडिओ कामाला येतो. पण निरोप छोटा हवा, असं ते सांगत. काकू म्हणायच्या, "लग्नाला होकारसुद्धा यांनी तीन शब्दांत दिला. मी मोजलेत!"

एका पावसाळ्यात काळू नदी चढली. मी ज्या शाळेत कारकून आहे, तिथे वरच्या मजल्यावर शंभरेक माणसं येऊन राहिली. वीज नाही, मोबाइल मुके. त्यांतल्या नववीच्या एका मुलीचं इन्शुलिन घरासोबत पाण्यात गेलेलं. सकाळपासून ती भिंतीला टेकून निपचित. काका गाडीची बॅटरी आणि रेडिओ घेऊन आधीच आले होते. मला म्हणाले, "लिहा निरोप."

मी घरातला पहिला पदवीधर. मन लावून लिहिलं, 'महोदय, सविनय सादर करण्यात येते की...'

"शाबास, ग्रॅज्युएटसाहेब! एवढं वाचेपर्यंत पाणी वर येईल."

त्यांनी पेन्सिलीने माझं सगळं सविनय खोडलं आणि उरलेले पंचवीस शब्द रेडिओवर सांगितले. ठाण्यातल्या माजिवड्याहून एका हौशी रेडिओवाल्या बाईंनी उत्तर दिलं. त्यांचा फोन चालू होता. त्या पुढे बोटवाल्यांना कळवणार होत्या. काकांनी त्यांना निरोप परत वाचायला लावला. वाचता वाचता त्या थांबल्या. "काका, इन्शुलिन कोणतं?"

मी ते लिहिलंच नव्हतं. मुलीच्या आईने मुठीतलं चोळामोळा झालेलं, आधीच्या बाटलीचं रिकामं खोकं पुढे केलं. काकांनी त्यावरचं नाव एकेक अक्षर सांगितलं. "आणि बोट मागच्या भिंतीला लावा. पुढे तारा पडल्यात."

दुपारी बोट मागच्या भिंतीला लागली. बर्फाच्या डब्यात इन्शुलिन होतं, आईने ते लगेच टोचलं. संध्याकाळी मुलीने डोळे उघडून खिचडी मागितली, तेव्हा अख्खी शाळा ओरडली. तिच्या आईने काकांचा हात धरला, तो सोडेना. मीच उभं राहून आभाराचं भाषण सुरू केलं.

"श्श!" काका म्हणाले. "रेडिओवर कोणीतरी बोलावतंय."

शंभर माणसं गप्प झाली. एक हात त्या माउलीच्या हातात तसाच ठेवून, काका दुसऱ्या हाताने पेन्सिल शोधत होते.