खारीत न चाललेला नांगर

लिलाव दिसला की शिवदासशेठचा हात वर गेलाच म्हणून समजा. एकोणीसशे तेहेतीसच्या फाल्गुनात त्यांनी मुंबईत एका लिलावात ट्रॅक्टर घेतला आणि दुसऱ्या लिलावात लोखंडी नांगर. दोन्ही मचव्यातून धरमतरच्या बंदरावर उतरले तेव्हा कळलं, की नांगर भलत्याच कंपनीचा आहे. त्याला अडकवायला ट्रॅक्टरमागे दोन कान हवेत, आणि या ट्रॅक्टरच्या मागे एकच जाड पट्टी, तिला मधोमध एक भोक. पत्रिका न बघता सोयरीक केली की असंच व्हायचं.

शेठनी बुधाजीला बोलावणं धाडलं. बुधाजी मूळचा मिठागरातल्या घरचा. चौदाव्या वर्षी मुंबईला गेला, गिरणीच्या वर्कशॉपात फिटर झाला, आणि मंदीत कामावरून कमी झाल्यावर गावी परतला. गाव त्याला 'पाहुणा' म्हणे. आमचं गाव चिडवायला लागलं की दयामाया नाही. त्याला पाटी डोक्यावर धड ठेवता येत नसे, बैल त्याचं ऐकत नसत, आणि चिखलात उतरला की दोन माणसांनी त्याला वर ओढायचं.

त्याची बायको जनी मात्र खूश होती. लग्नानंतरची नऊ वर्षं तिने नवरा शिमग्याला आणि गणपतीला तेवढा पाहिला होता. आता रोज दिसत होता, भले चिखलात रुतलेला का दिसेना. पण मुंबईहून पत्र आलं: माझगावच्या एका कारखान्यात जागा आहे, आखाती, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की हजर हो. बुधाजी जनीला म्हणाला, "ह्यो नांगर बसला आन् गावाला माझ्या हातांचा उपेग झाला, तर रातो. नायतर जातो." दुसऱ्या दिवसापासून जनी त्याची भाकरी स्वतः लोहाराच्या भट्टीवर पोचवू लागली.

भट्टी येसाजी लोहाराची. बुधाजीने मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आस मागून आणला, तो पट्टीला आडवा बांधला आणि त्याच्या दोन्ही टोकांना चाकाच्या धावेचे कान ठोकून घेतले. चौथ्या दिवशी नांगर जोडून गावामागच्या माळावर नेला. फाळ जमिनीत घुसला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर वर उचलली गेली. येसाजी विठोबाचं नाव घेत करवंदीच्या जाळीत शिरला. बुधाजी खाली उतरला, मागे जाऊन उकिडवा बसला आणि नांगराची ओढ कुठून लागते ते पाहू लागला. ओढ फार वरून लागत होती. त्याने आस सोडवला आणि वीतभर खाली, चाकांच्या कण्याखाली येईल असा बांधला. मग काय विचारता! माळावर नांगराचे तास असे सरळ पडले, की जनीचा थोरला भाऊ कोंडाजीसुद्धा 'पाहुणा' म्हणायचं विसरला. शेठ खूश होऊन म्हणाले, "उद्या सकाळी खारीत."

दुपारी जनी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा असा फुललेला तिने लग्नातही पाहिला नव्हता. तिने सहज विचारलं, "कंच्या जमिनीन घालनार?"

"खारीन. शेठ बोलला."

खार म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन. मालकी शेठची, पण पिकवायचे जनीचे भाऊ आणि अजून वीसएक घरं. ती गप्प राहिली असती तर नवरा राहत होता. एवढं साधं होतं ते. मला विचाराल तर मी गप्प बसलो असतो.

"खारीन नांगर नाय घालीत," ती म्हणाली. "वरची चार बोटा पावसानी धुवून गोड झालेली असतान. खालचा मीठ वर आला म्हंजे पाच वरसा भात नाय. आमी तर मोड आलेला बी नुसता चिखलान फेकतो."

हे खारीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बुधाजी मिठागरातला! त्याच्या घरी मीठ वर आलं की नारळ फुटायचा.

"मंग कोनी बोलला कसा नाय?"

"शेठला कोन बोलनार? कूळ हाव आमी."

बुधाजी हात धुवून थेट शेठच्या ओटीवर गेला. "शेठ, नांगर खारीत जानार नाय. मी जोडला, मीच सोडतो." शेठ आधी तापले, मग त्यांनी कोंडाजीला बोलावून खरंखोटं विचारलं. शेठला शेतीतलं काही कळत नव्हतं, पण तोटा कळत होता. "मग हे धूड पूजेला बसवू काय?"

"कान हायेत ना मागं? कायपन ओढल."

बुधाजीने जाड फळ्यांची एक बिनचाकी गाडी केली आणि त्याच कानांना जोडली. चैत्रात खार दगडासारखी वाळलेली असते, ट्रॅक्टर आरामात चालला. खाडीकडचा बांध दरवर्षी बायका पाट्यांनी माती वाहून वर घ्यायच्या, मान मोडेपर्यंत. यंदा माळावरची माती फळ्यांवरून आली आणि बायकांनी ती नुसती चोपली. आखातीच्या आधी बांध कमरेइतका चढला होता. उरली होती ती फक्त उघारी, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडायचं दार.

बांधाच्या कामाच्या शेवटच्या दिवशी बुधाजी आणि जनी बांधावर बसले होते. त्याने विचारलं, "गप रायली असतीस तर मी इथंच रायलो असतो. ठाव होता ना तुला?"

"ठाव होता."

"मंग बोललीस कशाला?"

"पावसानंतर भात उगवला नसता," जनी म्हणाली, "तवा तुमच्या तोंडाकरं कशी बगली असती?"

बुधाजी तिच्या हातातली पाटी घेऊन उठला आणि म्हणाला, "चल घरा. आखाती झाली की उघारीची झडप बगायची हाय, कोंडाजी बोलावून गेलाय."