काहल: कुवेतमधलं एक बारसं

मुंबईहून कुवेतला विमानानं चारेक तास लागतात. व्हिसा माझ्या धाकट्या भावानं, सुहासनं, आधीच काढला होता; तुम्हीही तिकिटाआधी तेवढं करा. निघताना आईनं बजावलं, "सुहासच्या बाळाचं नाव कानात आत्या सांगते. तू 'अर्जुन'च सांग." मराठी नावं टिकावीत म्हणून मी व्यासपीठांवरून कायम भांडत आले आहे. मला तिचं पटलं होतं.

सुहास राहतो ते रिग्गई विमानतळावरून जवळ आहे. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. सुहास मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको नोरा आयर्लंडची. बाळाच्या जन्माआधीच तिचे वडील वारले. त्यांचंच नाव, काहल, दोघांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी घुगऱ्यांसाठी हरभरे आणायला नोराच्या आईसोबत गेले. वाटेत नावाचा अर्थ विचारला.

"लढाईत राज्य करणारा," त्या म्हणाल्या. "आमच्या जुन्या राजांचं नाव. पण शाळेत मास्तरांनी माझ्या नवऱ्याचं चार्ल्स केलं. दोन्ही नावांचा काही संबंध नाही हो! नोकरीतही चार्ल्सच. काहल फक्त घरात."

आयरिश भाषेत हाक मारताना ते नाव बदलतं: आधी 'अ' लागतो, पहिल्या 'क'चा घशातून 'ख' होतो, शेवटच्या 'हल'चं 'हिल' होतं. अ खाहिल.

"आम्हीही रामला 'रामा' म्हणतो," मी म्हणाले.

"तो गेल्यापासून मी ती हाक मारलेली नाही."



शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बारसं. शेजारची मालवणची बाई ओरडली, "आत्याबाई, कुर्र नीट करा हां, नायतर पाठ शेकू!" सुहास पुटपुटला, "ताई, आई व्हिडिओवर आहे."

"सांग गं!" फोनमधून आईचा आवाज आला.

मी पाळण्यावर वाकले. माणसाचं नाव बदलणं म्हणजे त्याला त्याच्या घरातून बाहेर काढणं, हे मी किती सभांतून गर्जून सांगितलंय! एकदा मास्तरांनी काढलं. आता मी काढू?

"अ खाहिल," मी कानात म्हणाले. मग मोठ्यानं, "काहल! कुर्रर्र!" पाठीत धपाटे बसले. नोराच्या आईनं पाळण्याची दोरी धरली आणि तीच हाक मारली. एकदा, मग पुन्हा.

आईनं फोन बंद केला होता.

घरी आल्यावर तिनं प्रवासाबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही. मराठी नावं टिकलीच पाहिजेत, हे मी आजही ठासून सांगते; पण दुसऱ्याचं पुसून नव्हे, एवढं आता त्यात जोडते. आईला मात्र हे ऐकवलं नाही.

परवा सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. समोर फोन टेकवलेला.

"काहल्या, ए काहल्या! इकडे बघ रे, आजीकडे!"