बुधवारची बॅग

काशीमीऱ्याच्या त्या गॅरेजवरच्या हॉलमधून दोन गोष्टी काही केल्या जात नाहीत. एक ग्लोव्ह्जचा वास आणि दुसरे आमचे किस्से. सगळ्या खिडक्या उघडल्या तरी साचतच राहतात! आम्ही तिथल्या सकाळी सहाच्या किकबॉक्सिंग बॅचची माणसं. शूर व्हायला म्हणून आलो होतो. प्रत्यक्षात इतकी घाबरट बॅच अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरी नसेल, आणि त्यात पहिला नंबर माझा.

*

माझा पहिलाच दिवस. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी दम भरला होता, त्यामुळे पावणेसहालाच पोचलो. दार उघडं, आत अंधार, आणि भिंतीजवळ छताला टांगलेली चाळीस किलोची पंचिंग बॅग हळूहळू झुलतेय. आसपास चिटपाखरू नाही! मी तसाच उलटा जिन्याकडे पळालो, तर आमचे कोच शिगवण सर खालून वर येत होते.

"सर, ती बॅग आपोआप हलतेय!"

"हायवेवरून ट्रेलर गेला असेल," सर म्हणाले. "तुम्ही का हलताय?"

*

सरांचं आठवड्याचं टाइमटेबल फळ्यावर कायमचं लिहिलेलं. सोमवारी दोरीउड्या, मंगळवारी फुटवर्क, बुधवारी बॅग, गुरुवारी सरांच्या हातातले पॅड, शुक्रवारी आराम आणि शनिवारी स्पारिंग, म्हणजे समोर खराखुरा माणूस. शुक्रवारी संध्याकाळपासूनच मी सबबी शोधायला लागायचो. त्यामुळे बुधवार माझा सगळ्यात लाडका. बॅग उलट मारत नाही!

एकदा धीर करून म्हटलं, "सर, मला पाचही दिवस बॅगच द्या ना. माझं तिच्याशी जमतं."

"रोज बॅग मारलीत तर मनगटं जातील," सर म्हणाले. "आणि शनिवारी समोरचा माणूस सरकला की तुम्ही त्याला म्हणाल, जरा जागेवर उभे राहा."

*

बुधवारचा एकच नियम. जो शेवटी येईल त्यानं बॅग धरायची. धरायची म्हणजे पलीकडून खांदा टेकवून उभं राहायचं, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. समोरच्याचा प्रत्येक पंच आपल्या बरगड्यांत उतरतो. सगळे धावतपळत वेळेवर यायचे ते या भीतीनंच!

एकदा आम्ही सगळे हजर असताना साडेसहाला एक कुरिअरवाला दारात आला. सरांचा चष्मा खुंटीवर, आणि चष्मा असता तरी सर दाराकडे बघत नाहीत.

"लेट आलात. बॅग धरा."

"सर, साइन चाहिए था..."

"राउंड के बाद."

बिचाऱ्यानं तिन्ही राउंड बॅग धरली. तेव्हापासून आमच्या हॉलची पार्सलं खाली गॅरेजात मिळतात.

*

मोरवा गावच्या पाटीलकाकू वयानं साठीच्या. गुडघ्यांसाठी आल्या आणि सगळ्यांना भारी पडल्या. एका बुधवारी काकूंनी बॅग धरलेली आणि मारायची पाळी माझी. मी आपला जपून, हळूच मारतोय.

"आरं मार ना जोरान!" काकू पलीकडून ओरडल्या. "मना काय लागत न्हाय!"

मग मारला जोरात. काकू जागच्या हलल्या नाहीत. मनगट माझंच मुरगळलं!

*

आता दीपालीचं सांगतो. दीपाली कांबळे लॅबमध्ये रक्त काढते. सुई धरताना तिचा हात जराही थरथरत नाही, पण बॅगसमोर उभी राहिली की ती डोळे घट्ट मिटून मारायची. सर दर बुधवारी तेच सांगायचे, "डोळे उघडे."

कारण आम्हाला नंतर कळलं. ती नवऱ्याला सोडून मीरा रोडला आईकडे राहत होती, कोर्टात केस चालू होती. नवऱ्याची सुट्टी बुधवारी. दर बुधवारी तो समोरच्या हॉटेलपाशी उभा राहून आमच्या खिडकीकडे बघायचा. पोलिसांत अर्ज दिला होता. तरी तो यायचाच.

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला जायचो. जायचो खरा, पण तिच्या मागून! तो फक्त बघायचा, आणि तेवढ्यानंच मी रिक्षाच्या आड व्हायचो.

एक दिवस त्याचा मेसेज आला. क्लास बंद कर, नाहीतर पुढच्या बुधवारी वर येतो. तिनं तो सरांना दाखवला.

"सर, बॅगचा दिवस बदलता का? नाहीतर मी येणंच बंद करते."

सरांनी फळ्याकडे पाहिलं.

"उद्या तो गुरुवारी यायला लागला तर?" ते म्हणाले. "बुधवारीच या. वेळेवर या."

मला सरांचा राग आला. एवढं साधं पुसून लिहायला काय जात होतं त्यांचं?

*

त्या बुधवारी आम्ही सगळे सहाच्या आधीच हजर. दीपालीसुद्धा, ग्लोव्ह्ज घालून, पांढरीफटक. मी पाण्याच्या पिंपामागे, हातात मोबाइल, पोलिसांचा नंबर लावून ठेवलेला, अंगठा बटनावर.

सव्वासहाला जिन्यावर पावलं वाजली आणि तो दारात आला. उंच, धिप्पाड. बाकीचे भिंतीकडे सरकले. पाटीलकाकू तेवढ्या दीपालीजवळ सरकल्या आणि पुटपुटल्या, "मी हाय ना, पोरी."

सरांनी दाराकडे पाहिलंच नाही. खुंटीवरचा चष्मा उतरवून मात्र डोळ्यांवर घातला.

"लेट आलात. बॅग धरा."

"मी तिला न्यायला आलोय."

"राउंड झाल्यावर बोलू," सर म्हणाले. "धरता येईल ना? जड आहे जरा."

तो हसला. आम्हा सगळ्यांकडे बघत पुढे आला आणि बॅगेला खांदा लावून उभा राहिला.

"दीपाली, या," सर म्हणाले. टायमर सुरू झाला.

तिचा पहिला पंच बॅगेला जेमतेम लागला. पलीकडून तो म्हणाला, "बस? एवढंच शिकलीस?"

"डोळे उघडे," सर म्हणाले.

तिनं उघडले.

पुढची तीन मिनिटं ती मारत राहिली. तो आधी हसत होता, मग हसायचा थांबला. मग त्याचा मागचा पाय सरकला, पुन्हा सरकला, आणि पाठ भिंतीला टेकली. टायमर वाजला तेव्हा त्यानं बॅग सोडली, खांदा धरला आणि दाराकडे पाहिलं. दारात आता काकू उभ्या होत्या.

दीपाली धापा टाकत होती. तिनं दातांनी ग्लोव्हचा पट्टा घट्ट केला.

"धरा," ती म्हणाली, "अजून दोन राउंड आहेत."