पाठमोरे तांडेल

वडील मुंबईला हॉटेलात कामाला होते. तिथेच आजारी पडले, गावी आले आणि दोन पावसाळेही न काढता गेले. भाताची खाचरं चुलत्यांकडे राहिली. आई मला घेऊन रत्नागिरीत आली, मांडवीला, पत्र्याच्या एका खोलीत. कोळंबी सोलायच्या कंपनीत ती दिवसभर बर्फात हात घालून बसायची आणि सुट्टीच्या दिवशी दारात जवळा वाळवून विकायची. त्या खोलीत अभ्यास करून मी बी. कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आमच्या खोलीसमोर जाळी ठेवायची एक जुनी शेड होती. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. तिथे एक म्हातारा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. मागे कोपऱ्यात एखादं कुत्रं अंग चोरून पडलेलं, आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून शांतपणे जाळं विणतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोघांचं भांडण झालंय.

ते तांडेल. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या होड्या हाकल्या. समुद्रावर त्यांचा आवाज शेजारच्या होडीवर ऐकू जायचा म्हणतात. जमिनीवर मात्र मी त्यांना कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नाही. गुडघे गेले, होडी सुटली, आणि शेडमध्ये जाळ्यांच्या जागी जनावरं आली. कुणी गाडीखाली आलेलं, कुणी उकळतं पाणी अंगावर पडलेलं, कुणी मालक बदली होऊन गेले म्हणून मागे राहिलेलं. शहरातले जनावरांचे डॉक्टर येऊन टाके घालायचे, इंजेक्शनं द्यायचे. डॉक्टरांबद्दल तांडेलांना फार आदर. म्हणायचे, "जखम त्यांची, भीती माझी. आम्ही वाटून घेतलंय."

भीती घालवायची त्यांची रीत म्हणजे ते पाठ करून बसणं. मी एकदा विचारलं, असं का? ते म्हणाले, "मार खाल्लेल्या जनावराला माणसाचं तोंड दिसलं की पुढचा मार दिसतो. पाठ कुणाला मारत नाय. त्याला बगू दे मला आधी पोटभर." मग दिवसच्या दिवस ते तसे बसत. खाणं मागच्या मागे सरकवत. वळून बघत नसत. आणि एखाद्या दुपारी मी खिडकीतून बघायची तेव्हा ते कोपऱ्यातलं जनावर त्यांच्या पाठीला नाक लावून वास घेत असायचं. तांडेलांचा हात जाळ्यावर तसाच चालू. मी पुस्तक खाली ठेवून श्वास धरून बसायची. देवळात माझं मन इतकं कधी लागलं नाही.

जनावर बरं झालं की त्याला घर बघायचं. घ्यायला येणाऱ्यालाही तीच परीक्षा. मासळीचा क्रेट उपडा घालून द्यायचे, पाठ करून बसायला सांगायचे. "मी कोण देणारा? जनावर ज्याच्याकडे येईल त्याच्याकडे जाईल," म्हणायचे. मुरुडच्या एका वाडीवाल्या जोडप्याकडे आंधळा कुत्रा असाच गेला. नवरा-बायको पाठीला पाठ लावून अख्खी दुपार बसले होते आणि हळू आवाजात नारळांच्या भावावरून भांडत होते. कुत्रा त्या भांडणाच्या आवाजाचा माग काढत आला आणि दोघांच्या मध्ये जाऊन पडला. तांडेल म्हणाले, या घरात ह्याला करमेल.

सगळ्यांनाच जमायचं नाही. एक गाडीवाले साहेब आले होते, बरोबर महागाची बिस्किटं. शिस्तीत पाठ करून बसले. पण हातात मोबाईल, आणि समोरचा कॅमेरा चालू करून त्यात मागचं कुत्रं बघत होते. कुत्रं जागचं हललं नाही. साहेब म्हणाले, मी तर एकदाही वळलो नाही. तांडेलांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "साहेब, तुमी नाय वळलात. तुमचा मोबाईल वळला."

मग हातखंब्याची कुत्री आली. हायवेवर बंद पडलेल्या एका ढाब्यामागे तारेने बांधून ठेवलेली. तार मानेच्या मांसात रुतली होती. डॉक्टरांनी ती कापून काढली, जखम भरली, पण कुत्री सावरली नाही. नुसतं कुणी बघितलं तरी थरथरायची आणि जागेवरच लघवी करायची. तांडेल तिच्यासाठी जितके दिवस बसले तितके कुणासाठी बसले नव्हते. शेवटी ती त्यांच्या पाठीशी टेकून झोपायला लागली. पण त्यांच्याच. दुसरं कुणी आत आलं की पुन्हा कोपऱ्यात.

आणि त्याच वर्षी तांडेलांचं हृदय बिघडलं. ठाण्याला मुलीकडे जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं, गणपती झाले की निघायचं. नातवाला दमा, वर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, कुत्रं नेणं शक्यच नव्हतं. शेड पुतण्याला हवी होती. तांडेलांना ऑपरेशनची भीती वाटलेली मी पाहिली नाही. त्यांना एकच भीती होती. "मी गेल्यावर हिला कोण बघणार? पुन्हा रस्त्यावर गेली तर ह्या खेपेला नाय उठायची." बाकीची जनावरं एकेक करून गेली. हातखंब्याच्या कुत्रीसाठी माणसं आली, बसली, कंटाळून उठून गेली. चवथीचा सण आला नि गेला. ती तिथेच.

आमच्या आईला कुत्र्यांचा तिटकारा. तांडेलांशी तिचं कायम वाजायचं. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती तणतणत शेडमध्ये गेली. मी मागून गेले. "तांडेलभाऊ, तुमच्या कुत्र्याच्या केसांनी माझा जवळा पार नासला. कोण घेणार आता तो?" तांडेलांनी क्रेट उपडा करून दिला. आई बसली, पण रागाने, रस्त्याकडे तोंड करून. मग तिचं सुरू झालं. जवळ्यावरून कंपनीवर, कंपनीवरून चुलत्यांवर, चुलत्यांवरून माझ्या लग्नावर. मागे कुत्री आहे हे ती साफ विसरली. हिच्यासाठी इतकी माणसं तिथे पाठ करून बसली होती, पण सगळ्यांचं लक्ष पाठीमागेच होतं. खरोखर लक्ष नसलेली आमची आई पहिली.

कुत्री कोपऱ्यातून उठली. मी भिंतीला चिकटले. ती पोटावर सरपटत आली, थांबली, पुन्हा आली, आणि आईच्या टाचेवर तिने हनुवटी ठेवली.

"हलू नको गो," तांडेल म्हणाले.

"काय झालं? साप?"

"तुझ्याकडे आलीय."

आईने खाली बघितलं. कुत्री थरथरली, पण उठली नाही. आमची आई गप्प बसली, हेच मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. मग ती तिच्याशी बोलली, मला शाळेला उठवायची त्याच सुरात. "मेल्ये, मला भाकऱ्या थापायच्या हायत. किती वेळ बसू?" ती हळूच उठली आणि मागे न बघता आमच्या खोलीकडे चालू लागली. कुत्री तिच्या पदराच्या मागून, जमिनीला धरून, गेली. रस्ता ओलांडला, उंबरा ओलांडला. दार कुणी लावलं नाही. ती बाहेर आली नाही.

तांडेल क्रेटवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मी आयुष्यात पुस्तकं पुष्कळ वाचली, परीक्षा पुष्कळ दिल्या. त्या दुपारी पाहिलं त्याहून मोठं काही मी अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड धुऊन काढली, किल्ली पुतण्याला दिली आणि ठाण्याची गाडी धरली. ऑपरेशन झालं, आणखी काही वर्षं ते जगले, पण मांडवीला पुन्हा आले नाहीत. फोनवर आईशी बोलायचे. आई त्यांना कुत्रीच्या तक्रारी सांगायची, भात टाकते, मासळीच हवी असते, गादीवर चढते. ते ऐकून घ्यायचे आणि रोज फोन करायचे.

आता मी पतपेढीत नोकरी करते, आम्ही दोन खोल्यांच्या घरात राहतो, आई कंपनीत जात नाही. हातखंब्याची म्हातारी झाली आहे. तांडेलांच्या शेडमधून गेलेल्या जनावरांची मी अजून चौकशी करते. त्यातलं एकही रस्त्यावर परत आलेलं नाही.