आग्नेलची सरकती झोप

आग्नेल आणि मी दहावीपर्यंत एका वर्गात होतो. मी बी. कॉम. होऊन वालीवच्या एका कारखान्यात चिकटलो, तो पाचूबंदरला मासेमारीच्या बोटीवर गेला. पंचावन्नाव्या वर्षी काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले. दिवा लागलाय की विझलाय, एवढंही कळेना. तरी बोटं शाबूत होती. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तो नुसत्या स्पर्शाने भोकं शोधायचा आणि डोळस माणसापेक्षा नीट सांधायचा. पुतण्या जेन्सनच्या बोटीची सगळी जाळी त्याच्याकडे असत.

मग त्याची झोप बिघडली. आठ-दहा दिवस रात्री शांत झोपायचा. पुढे पहाट झाली तरी टक्क जागा, आणि दुपारी जाळं हातात धरूनच मान खाली. आणखी काही दिवसांनी भर दिवसा घोरायचा. जवळच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. योगायोगाने त्याच आठवड्यात झोप रात्रीवर आली, म्हणून गोळ्यांना गुण आला असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच.

त्याची बायको अँजेलिना मात्र निर्धास्त होती.

"त्याला काय झालाय? चाळीस वरसं बोटीवर काढली. भरती रोज पुढं जाते, तशी याची झोप पन पुढं जाते. कोल्याचा मानूस पान्याबरोबरच झोपनार."

बंदरावर हे सगळ्यांना पटलं, काहींना तर कौतुकच वाटलं. पटलं नाही ते आग्नेलला. तो अंगणात एकसारखा येरझारा घालायचा, भिंतीला हात लावून वळायचा.

"स्टॅनी, किती वाजले?"

"साडेचार."

"पहाटचे का संध्याकालचे?"

"संध्याकाळचे."

फेब्रुवारीत जेन्सन येऊन उभा राहिला. "काका, चार दिवस झाले, जाळी तशीच पडलीत. तू कधी जागा असतोस तेच कळत नाय. इस्टरपर्यंत बघतो, नायतर बाहेरच्या मानसाला देतो."

"दे की! मी पन भिंतीला टेकवून ठेवलेला वल्हाच आहे," आग्नेल म्हणाला. पण जेन्सन गेल्यावर रिकाम्या मांडीवर त्याची बोटं चालतच राहिली.

मी त्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी महिनाभर झोपेच्या आणि जागेपणाच्या वेळा लिहून आणायला सांगितलं. अँजेलिना वेळा सांगायची, मी चौकटीच्या कागदावर मांडायचो. सहज म्हणून शेजारी भरतीच्या वेळाही लिहिल्या. पहिल्या दिवशी दोन्ही जुळल्या. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जात होती आणि आग्नेलची झोप फक्त अर्धा तास. अठराव्या दिवशी तो झोपला तेव्हा ऐन ओहोटी होती.

मी कागद अँजेलिनाला वाचून दाखवला. ती हातातला कोयता खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे हा पान्याबरोबर पन नाय? मग कोनाबरोबर झोपतो?"

"कोनाबरोबर नाय, म्हनूनच तर बोंब," आग्नेल म्हणाला. मग आम्ही तिघंही हसलो, थोडं जास्तच.

डॉक्टरीणबाईंनी तिरकी सरकत गेलेली रेघ पाहिली आणि लगेच ओळखलं. मेंदूत एक घड्याळ असतं. ते बहुतेकांचं चोवीस तासांहून थोडं मोठं असतं, आणि डोळ्यांतून आत जाणारा उजेड ते रोज चोवीसवर आणून बसवतो. आग्नेलच्या मेंदूपर्यंत तो उजेड पोचतच नव्हता, त्यामुळे त्याचा दिवस साडेचोवीस तासांचा झाला होता. त्यांनी मेलाटोनिनची, म्हणजे मेंदूला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या द्रव्याची, गोळी लिहून दिली. झोप सरकत रात्रीवर आली की ती सुरू करायची, आणि मग रोज ठरल्या वेळेला, एकही दिवस न चुकवता. गुण यायला काही आठवडे लागतील, कदाचित येणारही नाही.

"आनि रात्री बोट लागली तर?" आग्नेलने विचारलं.

"तेव्हा तुम्ही अंथरुणातच."

परतताना रिक्षात तो काठी गुडघ्यांत धरून बसला. डोळे गेल्यावरही रात्री बोटीचा आवाज आला की तो काठी टेकत धक्क्यावर जात असे.

गोळी सुरू झाली. पहिले वीस दिवस झोप सरकतच राहिली, फक्त जरा कमी. मी कागदावर ठिपके मांडायचो आणि तो शेजारी पाय हलवत बसायचा. "सरकली का?" "थोडी." "किती?" अर्ध्या तासाने पुन्हा तेच प्रश्न. पाचव्या आठवड्यात ठिपके एकाखाली एक येऊ लागले. सकाळी सहाला जाग, सलग सहा दिवस.

इस्टरला चार दिवस उरले होते. त्या सकाळी जेन्सन दोन ओली जाळी घेऊन दारात आला.

"बोट कधी लागली?" आग्नेलने विचारलं.

"रात्री दीडला."

"आनि मला उठवलं नाय कोनी!"

"डाक्टरनं मना केलाय," अँजेलिना आतून ओरडली.

त्याने काठी बाजूला ठेवली. मग एक जाळं ओढून घेतलं, वास घेतला, बोटं फिरवली. "मोठा फाटलाय. बाराला ये."

"बाराला तू जागा असशील, काका?"

"असेन."

जेन्सनने हातातलं दुसरं जाळंही खाली ठेवलं आणि निघून गेला. आग्नेल सुईत सूत ओवायला लागला. बारापर्यंत त्याने मला पाच वेळा वेळ विचारली.